शेंदूर लावलेला नट

त्या साली पोळ्याला हिंमतराव आणि इंद्रभान या भावांच्या गोठ्यात एकही बैल नव्हता. सोनाळ्यात बिनबैलाची घरं नव्हती असं नाही, पण ती रोजमजुरीवाल्यांची. ज्या घराच्या वावराच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पलीकडच्या धुऱ्यावरचा माणूस ओळखू येत नाही, अशा घरात पोळ्याच्या दिवशी दावी रिकामी लोंबताना गावानं पहिल्यांदाच पाहिली. आणि गाव म्हणजे काय, पाहिलं की बोलणारच.

बैल होते. चांगल्या दोन जोड्या होत्या. चैत्रात त्या जळगाव जामोदच्या बाजारात विकल्या, त्यात घरातलं होतं-नव्हतं ते घातलं आणि खामगावच्या एका एजन्सीत ट्रॅक्टरसाठी नंबर लावला. हा सगळा उद्योग धाकट्याचा, इंद्रभानचा. इंद्रभान मॅट्रिकला आपटलेला. नोकरी लागली नाही म्हणून शेतात, आणि शेतात जीव रमत नाही म्हणून पारावर, असा त्याचा दिवस जायचा. पण अकोल्याकडे मामाच्या गावी एक हंगाम ट्रॅक्टर चालवून आला आणि गडी बदलला. झोपेतसुद्धा गिअर टाकायचा म्हणतात. घरात शिरला की एकच पाढा: "दादा, बैल राबो का नोको राबो, बारा मयने खाते. ट्रॅक्टर राबते तवाच खाते."

हिंमतराव हा कमी बोलणारा माणूस. त्याला हो म्हणायला एक अख्खा पावसाळा आणि वर एक हिवाळा लागला. शेवटी म्हणाला, "बैल इकतो. पण येत्या रबीले सारं रान पेरून दाखवजो. त्याच्यात हयगय झाली तं मंग या घरात तुह्या शब्दाले कोनी इचारनार नाई."

"हाव दादा," इंद्रभान म्हणाला. इतका खूश झाला होता की पुढची वाक्यं त्यानं ऐकली की नाही देव जाणे.

महाराष्ट्र होऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती आणि प्रत्येक गोष्टीला नंबर लावायची चाल पडली होती. चैत्रात लावलेल्या नंबराचा ट्रॅक्टर आषाढात आला. तोवर गावाची पेरणी आटोपली होती. मागून आणलेल्या बैलांवर भावांनी थोडी कपाशी आणि थोडी ज्वारी पेरली, बाकी सगळं रान रबीच्या हरभऱ्यासाठी तसंच ठेवलं. म्हणजे त्या घराचं वर्षच्या वर्ष आता रबीवर टांगलेलं, आणि रबी त्या एका लाल लोखंडावर.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसलं तिथं तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. या भावांची माय, सत्यभामाबाई, वाटी घेऊन गोठ्यात आली आणि तशीच उभी राहिली. समोर ट्रॅक्टर. म्हातारीनं त्याला इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"इंद्रभान, याचा खांदा कोठी हाये रे?"

इंद्रभानला हसू आलं. मग पाहतो तर माय थट्टा करत नव्हती. तिला खरंच खांदा पाहिजे होता.

"माय, याले खांदा नसते. याचा सारा जोर पोटात हाये. पोटात ऑइल रायते. ते साजरं असलं का हा बैल थकत नाई."

म्हातारी उकिडवी बसली आणि हात घालून ट्रॅक्टरचं पोट चाचपू लागली. इंजिनाच्या तळाशी ऑइल काढायचा नट असतो, तो तिच्या बोटाला लागला. तिथं तिनं तूप-हळद चोळली. दुसऱ्या दिवशी, खुद्द पोळ्याला, तो नट फडक्यानं स्वच्छ पुसून जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर त्यावर बोटानं दाबून भरला. अंगठ्याशेजारचं बोट अर्धवट वाकडं होतं तिचं, लहानपणी विळा लागलेलं. त्या वाकड्या बोटाची रेघ शेंदरात उमटली. जवसाचं तेल वाळलं की शेंदूर कसा होतो ते ज्यानं मारुती पाहिला त्याला सांगायला नको. नखानं निघत नाही.

त्या दिवशी गाव हसलं. तोरणाखालून बैल गेल्यावर सर्वात शेवटी ट्रॅक्टर गेला, तेव्हा तर पोट धरधरून हसलं. सत्यभामाबाई मात्र पुरणाची पोळी घेऊन उभी होती आणि ती कुठं ठेवावी ते तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं ती गायीला घातली.

पोळा झाला आणि पहिल्या सर्व्हिसची वेळ आली. हे सर्व्हिस प्रकरण थोडं सांगितलं पाहिजे. नवं इंजिन सुरुवातीला अंग घासून घेतं, त्याचा लोखंडी कीस ऑइलात उतरतो, म्हणून पहिलं ऑइल वेळेवर काढून टाकावंच लागतं. नाही काढलं तर तेच ऑइल इंजिन खातं. हे काम एजन्सी फुकट करायची, पण अट अशी की एजन्सीतच करायचं. बाहेर कोणी नट उघडला की गॅरंटी संपली. ट्रॅक्टर देताना एजन्सीच्या मालकानं हे इंद्रभानला इतक्यांदा सांगितलं होतं की त्याला ते देवाच्या आरतीसारखं पाठ झालं होतं.

इंद्रभान पहाटे निघाला, ट्रॅक्टर चालवत खामगावला गेला. एजन्सीत कचरू नावाचा मिस्त्री होता. तो म्हणाला, "ठेवून जा, दुपारून या." इंद्रभान कापसाच्या बाजारात फिरला, ओळखीच्या अडत्याकडे जेवला, परत आला तर ट्रॅक्टर धुऊन-पुसून नवरदेवासारखा उभा. "ऑइल?" "टाकलं ना नवं," कचरू म्हणाला. इंद्रभाननं वरवर पाहिलं, खूश झाला आणि घरी आला. धुतलेल्या गोष्टीवर आपला फार लवकर विश्वास बसतो.

हिंमतरावानं ट्रॅक्टरकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं विचारलं, "जयकं ऑइल कोठी हाये?"

जळकं ऑइल आमच्याकडे कोणी टाकून देत नाही. विहिरीवरच्या इंजिनाचं निघालं तरी डबा भरून ठेवतात. बंडीच्या आसाला लागतं, चौकटीला वाळवी लागू नये म्हणून लागतं, म्हशीच्या गोचिडांना लागतं. हिंमतरावानं सकाळी रिकामा डबाच बरोबर दिला होता. तो रिकामाच परत आला.

"फेकून देल्लं म्हनते ते," इंद्रभान म्हणाला.

"जयकं ऑइल फेकून देल्लं?" हिंमतराव म्हणाला. "आन नवं टाकलं?" एवढंच. मग तो हातपाय धुवायला गेला.

इंद्रभानला रात्रभर ते टोचत राहिलं. सकाळी उजाडताच त्यानं ट्रॅक्टरखाली पोतं अंथरलं आणि त्यावर उताणा सरकला. वर पाहिलं. नटावर शेंदूर जसाच्या तसा. फुटला नाही, तडकला नाही. आणि शेंदरात मायच्या वाकड्या बोटाची रेघ. नटाला पान्हा लागला असता तर तो शेंदूर पापडासारखा उडाला असता. म्हणजे नट उघडलाच नव्हता. वरून पाणी मारून, चिंधी फिरवून ट्रॅक्टर परत दिला होता, आणि नवं ऑइल कुठं गेलं असेल ते ज्याचं त्यानं समजावं.

इंद्रभानला आधी राग आला, मग भीती वाटली. रागापेक्षा भीती शहाणी होती. तिच्या सांगण्यावरून तो त्याच दिवशी एसटीनं जळगाव जामोदला गेला आणि नव्या ऑइलचा सीलबंद डबा घेऊन आला. गॅरंटी गेली खड्ड्यात, ऑइल बदलून टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पान्हा हातात घेऊन तो ट्रॅक्टरखाली शिरला. आणखी दहा मिनिटं मिळाली असती तर ही गोष्ट सांगायला उरली नसती.

पण तेवढ्यात उकंडराव आले. उकंडराव म्हणजे गावचे जुने पंच. धुऱ्याचा वाद असो, सोडचिठ्ठी असो, चोरीचं भांडं असो, उकंडराव पाच माणसं घेऊन जातात, पाच जण पाहतात, आणि जे पाचांनी पाहिलं ते खरं. कोर्टाआधीपासून गावात हीच रीत. आणि खोटं कशाला बोला, ती कामाची रीत आहे. तिच्यामुळे कितीतरी डोकी फुटायची वाचली.

"काय करून राह्यला बे?" उकंडरावांनी विचारलं.

इंद्रभाननं सगळं सांगितलं. उकंडराव ऐकता ऐकता ताठ होत गेले.

"आन तू नट खोलतं? लेका, तुह्याजवळ दुसरा पुरावा काय हाये? शेंदूर फुटला का तुहं खरं फुटलं. पयले पंचाइले दाखव."

"काका, पंचाइनं पाह्यल्यावर तं खोलू?"

"पंचाइनं पाह्यल्यावर एजन्सीवाला पाहीन. मंग खोलजो."

सत्यभामाबाई दारातून ऐकत होती. ती म्हणाली, "पोळ्याचा शेंदूर हाये तो. लोखंड नोको लावू त्याले." तिचं कारण वेगळं, उकंडरावांचं वेगळं, पण दोन्ही एकाच नटावर येऊन बसली.

दुपारी पाच पंच जमले. एकेक म्हातारा धोतर सावरत पोत्यावर उताणा झाला आणि बाकीच्यांनी त्याचे पाय धरून त्याला आत ढकललं. उकंडरावांना मोतीबिंदू. त्यांनी बोट लावून पाहिलं. "शेंदूर हाये," आतून आवाज आला. "फुटेल हाये का?" "नाई बे, सलग हाये. बोटाची रेघ हाये." मग थोडा वेळ काहीच आवाज नाही. म्हातारा गेला की काय म्हणून पाय ओढले, तर उकंडराव तिथं हात जोडून पडलेले. शेंदूर दिसला की हात जोडायची सवय, दुसरं काय.

नव्या ऑइलचा डबा ओट्यावर, भिंतीला टेकून ठेवला गेला. त्याचं सील तसंच.

इंद्रभान आणि उकंडराव एसटीनं खामगावला गेले. एजन्सीच्या मालकानं खुर्ची दिली, चहा दिला. तिथं शिवीगाळ झाली असती तर बरं झालं असतं, निदान भांडण तरी झालं असतं. कचरूला बोलावलं. तो कापडानं बोटं पुसत आला. "उघडला होता नट. मी स्वतः," तो म्हणाला आणि सगळा वेळ बोटंच पुसत राहिला.

"शेंदूर तुम्ही नंतर लावला असेल," मालक हसून म्हणाला.

"पाच पंचाइनं पाह्यलं!" उकंडराव ओरडले.

"शेंदूर आहे हे पाहिलं, काका. तो कधी लावला हे कसं पाहिलं?"

उकंडरावांच्या आयुष्यात हा प्रश्न कोणी त्यांना विचारला नव्हता. ते मायच्या बोटाच्या रेघेबद्दल सांगू लागले. मालकानं हात वर केला. "वाद नको. कंपनीचे इंजिनिअर साहेब नागपूरहून येतात. त्यांना तुमच्या गावी पाठवतो. ते बघतील, त्यांच्यासमोर उघडू. चूक आमची निघाली तर इंजिनाची सगळी जबाबदारी आमची. तोवर नट हलवू नका म्हणजे झालं."

उकंडराव खूश. एसटीत सबंध वाट ते इंद्रभानला सांगत होते, पाहा, पुरावा ठेवला म्हणून मानला त्यानं. इंद्रभानलाही ते पटलं. ज्याला इतके दिवस पारावरचा रिकामा गडी म्हणत, त्याच्यासाठी नागपूरहून साहेब येणार, हे कोणाला आवडणार नाही?

साहेब सोमवारी येणार होते. सोमवारी पाऊस होता, रस्ता बंद. पुढच्या खेपेला त्यांची गाडी दुसऱ्या तालुक्यात गेली. मग म्हणे पितृपंधरवडा. साहेब काय पितर जेवायला गेले होते की काय, कोण जाणे. इंद्रभान दर बाजारच्या दिवशी जळगाव जामोदला जायचा, पोस्टातून एजन्सीला फोन लावायचा, तासभर लाईनची वाट पाहायचा आणि "या आठवड्यात नक्की" एवढं ऐकून परत यायचा. ट्रॅक्टर गोठ्यात उभा. डबा ओट्यावर. सत्यभामाबाई सकाळी सडा टाकताना दोन्हीला वळसा घालून जायची.

इंद्रभान एकदा डबा उचलून ट्रॅक्टरजवळ गेला होता, हे आम्ही पाहिलं. वाकून खाली बघत बराच वेळ उभा होता. मग त्यानं डबा परत नेऊन ठेवला. आता नट उघडला तर गॅरंटी गेली, पुरावा गेला आणि पंचही खोटे पडले. एका नटावर माणसानं किती गोष्टी टांगाव्यात!

दसरा झाला. उन्हं तापू लागली. काळ्या रानाचं असं असतं की ओल धरतं तेव्हा चांगली धरतं, पण ऊन लागलं की वरून कवच धरतं आणि मग भेगा. त्या आधी वखराची पाळी घालून हरभरा टाकला तर टाकला. गावात जिकडं तिकडं बैलांच्या घंटा. प्रत्येकाची जोडी त्याच्याच रानात, आणि भाड्यानं मागावी तर "आमचं होऊ द्या" हे उत्तर. त्यांचंही चुकत नव्हतं. ओल कोणासाठी थांबत नाही.

एके सकाळी हिंमतराव रानातून आला. मुठीत माती घेऊन आला होता. ती त्यानं इंद्रभानसमोर ओट्यावर ठेवली, डब्याच्या शेजारी.

"आज नाई तं मंग नाई," तो म्हणाला.

"दादा, साहेब येऊन पाहीन तवापर्यंत—"

"साहेबाले हरभरा पेरायचा नाई."

"ऑइल खराब हाये दादा. चालवला तं इंजिन धरन, जाम होईन."

"मंग बदल."

"बदललं तं आपलं खरं कशानं करू?"

हिंमतरावानं हाताची माती झटकली. या घरात त्यानं कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही नाही. "तुले रबी पेराची हाये का खरं कराचं हाये?" असं विचारून तो आत गेला.

आता इथं इंद्रभाननं जे केलं ते शहाण्या माणसानं केलं नसतं, आणि नेमकं आमच्यापैकी कोणीही तेच केलं असतं. त्याला दोन्ही पाहिजे होतं. त्यानं हिशेब केला की आतापर्यंत चालला तसा अजून चार-सहा दिवस चालेल. हळू चालवू, थांबत थांबत चालवू, नट तसाच राहील, हरभराही पडेल, मग येऊ दे साहेबाला. मायनं ट्रॅक्टरपुढं नारळ फोडला. ओट्यावरचा डबा ओट्यावरच राहिला.

पहिला दिवस चालला. दुसरा दिवसही चालला. ट्रॅक्टरमागं वखर आणि वखरामागं माती उलटताना पाहून इंद्रभानला गाणं सुचलं म्हणतात. इंजिनात बारीक टकटक होती, तो जरा मोठ्यानं गायला. तिसऱ्या दिवशी दुपारी, अर्ध्याहून जास्त रान बाकी असताना, टकटक मोठी झाली. त्यानं थांबवायला हात नेला तेवढ्यात पोटातून दाढ ओढल्यासारखा करकर आवाज आला आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. मग आजूबाजूच्या वावरातल्या घंटा ऐकू आल्या. जळल्याचा वास सुटला. इंद्रभान खाली उतरला नाही. स्टेअरिंगला धरून तसाच बसून राहिला. आम्ही शेजारच्या धुऱ्यावरून पळत गेलो तर म्हणाला, "काही नाई, गरम झाला हाये. थंडा झाला का चालन." त्याला माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. पण तोंडावर कोण बोलणार?

आणि आता, चार दिवसांनी, साहेब आले. बैल गेला अन् झोपा केला, अशी म्हण आहे. इथं बैल आधीच गेले होते, आता लोखंडही गेलं, तेव्हा जीप धूळ उडवत वावरात आली. त्यात कंपनीचे इंजिनिअर, एजन्सीचा मालक आणि पुढं पान्हे घेऊन कचरू. उकंडरावांना निरोप गेला. ते पाचही पंच घेऊन, धुतलेली धोतरं नेसून आले. अर्धं गाव आलं. सत्यभामाबाईही चालत आली आणि धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसली.

इंजिनिअर तरुण होता, सरळ वाटला. स्वतः खाली वाकून त्यानं बॅटरी मारून नट पाहिला. "हा शेंदूर कोणी लावला?" बाभळीखालून म्हातारीनं हात वर केला. त्यानं तिला जवळ बोलावलं, तिचं वाकडं बोट पाहिलं, पुन्हा खाली वाकला, पुन्हा बोट पाहिलं. मग म्हणाला, "उघड."

कचरूनं पान्हा लावला. शेंदूर तडकला आणि तुकडे मातीत पडले. सत्यभामाबाईनं डोळे मिटले. नट निघाला आणि काळं, डांबरासारखं ऑइल भांड्यात पडू लागलं. इंजिनिअरनं त्यात बोट बुडवलं आणि उन्हात धरलं. बोटावर लोखंडाचा कीस चमकत होता.

"हे ऑइल बदललेलं नाही," तो म्हणाला. "कधीच बदललं नाही."

काय आनंद झाला गावाला! पाचही पंच एकदम बोलू लागले. कचरू खाली मान घालून बसला, मालक जीपकडं पाहू लागला. उकंडरावांनी इंद्रभानच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पुढं झुकला. इंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी त्याला खरंच वाटलं असेल की सगळं परत मिळालं.

इंजिनिअरनं रुमालानं बोट पुसलं. "तुम्हाला हे कधी कळलं?" त्यानं विचारलं.

इंद्रभाननं तोंड उघडलं, पण उकंडराव त्याच्या पुढं झाले. त्यांच्या आयुष्यातली ही सर्वात मोठी साक्ष होती. "सर्व्हिस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, साहेब! आमी पाच पंचाइनं स्वता पाह्यलं. ऑइल बदलेल नाई हे साऱ्या गावाले तवापासून ठावं हाये!"

"सगळ्या गावाला?"

"हाव! कोनालेबी इचारा!"

लोक हाव हाव म्हणाले. आम्हीही म्हणालो.

इंजिनिअर इंद्रभानकडे वळला. "मग चालवला कशाला?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते कळायला आम्हाला थोडा वेळ लागला.

"यांनीच सांगतलं होतं," इंद्रभान मालकाकडं बोट दाखवून म्हणाला, "नट हालवू नोको म्हनून."

"नट हलवू नका म्हटलं," मालक शांतपणे म्हणाला. "ट्रॅक्टर चालवा असं म्हटलं होतं का मी?"

इंजिनिअरचा चेहरा पडला. त्याला वाईट वाटलं असेल, मी नाही म्हणत नाही. तो म्हणाला की ऑइल न बदलणं ही एजन्सीची चूक आहे, ते कंपनी पाहील, कचरूला जाब विचारला जाईल. पण खराब ऑइल आहे हे माहीत असून ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन चालवलं, तर गॅरंटीत बसत नाही. माहीत नसतं तर बसलं असतं. "माहीत नव्हतं असं म्हणाला असता तर..." असं अर्धवट बोलून तो थांबला. पाच पंचांसमोर पुढं काय बोलणार? नवीन ऑइल एजन्सी फुकट देईल, असं मात्र मालक स्वतःहून म्हणाला.

जीप गेली. कचरूनं नट पुसून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवला होता, तो तिथंच राहिला. पंच घराकडं निघाले. वाटेत उकंडराव सांगत होते की बघा, इंजिनिअरानंही मानलं, नट उघडला नव्हता. बाकीचे हो म्हणत होते. ते चुकीचं बोलत नव्हते आणि त्याचाच आम्हाला तेव्हा संताप आला. आजही सोनाळ्यात कोणालाही विचारा, इंद्रभानचं खरं होतं असंच सांगेल. एवढे साक्षीदार या जिल्ह्यात कुठल्या माणसाला मिळाले नसतील.

हिंमतराव वावरात पुढं चालत गेला. वखरलेल्या पट्ट्याच्या पलीकडं त्यानं पायानं ढेकूळ दाबून पाहिलं. ते फुटलं नाही. तो भावाला एक शब्द बोलला नाही. इंद्रभान त्या शब्दाची वाट पाहत उभा होता, शिवी तर शिवी, पण हिंमतराव तसाच धुऱ्या-धुऱ्यानं घराकडं गेला.

सगळे गेल्यावर सत्यभामाबाई उठली. मातीत पडलेले शेंदराचे तुकडे तिनं वेचले, पदराच्या गाठीत बांधले, कारण पोळ्याचा शेंदूर पायदळी जाऊ द्यायचा नसतो. मग ती ट्रॅक्टरला टेकून बसलेल्या लेकाजवळ आली. साहेब आणि गॅरंटी यातलं तिला काही कळलं नव्हतं. पण लोकांना हसताना तिनं पाहिलं होतं.

"मंग आपलं खरं निंघालं ना रे इंद्रभान?"

"हाव माय. आपलंच खरं निंघालं."

म्हातारीला बरं वाटलं. तिनं ट्रॅक्टरवरून एकदा हात फिरवला, पेरायच्या राहिलेल्या रानाकडं पाहिलं आणि विचारलं,

"मंग बैल कवा आणतं?"